चादरीच्या दोन टोकांना

माझी आई थापाडी होती. हे मी तिच्या तोंडावर म्हणायचे आणि ती हसायची, कारण तिला त्यात काही वावगं वाटत नसे. दूध उतू गेलं तर त्याचं एक कारण ती बाबांना सांगायची, दुसरं मला आणि तिसरं समोरच्या दारात राहणाऱ्या मोठ्या काकूला. काकूला सांगितलेलं कारण सगळ्यात चांगलं असायचं. काकूला गुंडाळणं सोपं नव्हतं, त्यामुळे तिच्यासाठी आईला मेहनत घ्यावी लागे.

मोठी काकू म्हणजे आईची थोरली जाऊ. बाबा आणि काका सख्खे भाऊ, एकाच मजल्यावर समोरासमोर घरं, मधे चार पावलांचा व्हरांडा. दोघी जावा एकाच रुग्णालयाच्या लाँड्रीत कामाला होत्या. काकू आधी लागली, मग तिनंच मुकादमाच्या मागे लकडा लावून आईला चिकटवली. पुढे कितीतरी वर्षं दोघींनी मिळून चादरींच्या घड्या घातल्या. आईच्या गोष्टी छापून यायला लागल्यावर कुणी विचारायचं, लिहायला कुठे शिकलात? ती म्हणायची, घडीच्या टेबलापाशी. विचारणाऱ्याला वाटायचं बाई गंमत करतायत. मला विचाराल तर ती आयुष्यात फार कमी वेळा खरं बोलली, त्यातली ही एक वेळ.

मोठी चादर एकटीनं घडी केली की टोक जमिनीला लागतं आणि चादर पुन्हा धुवायला जाते. म्हणून दोघी लागतात. दोन टोकांना उभं राहायचं, कोपरे धरायचे, एक झटका देऊन चादर ताणायची. कडेला कड जुळवायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. एकीनं आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे, वाकून खालची लोंबती घडी उचलायची, मागे सरकायचं, पुन्हा जवळ यायचं. एका चादरीत दोन भेटी. मागे कपडे धुण्याचे मोठे ड्रम घरघरत असतात, वाफेची इस्त्री फुसफुसत असते. लांब उभं असताना ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही. जवळ आलं की कुजबुजलेलंही कळतं.

आईची गोष्ट या चालीनं चालायची. चादर ताणलेली असताना ती ओरडून सांगायची, "मग तो जिना चढून वर गेला." कोपरे हातात देताना हळूच म्हणायची, "आणि त्याला वाटत होतं, आपण चुकीच्या घरी आलो असलो तर बरं होईल." लांब असताना काय घडलं ते, जवळ आल्यावर कुणाला काय वाटलं ते. हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता. मनातलं ओरडून सांगायची तिला लाज वाटायची, एवढंच.

कच्चा माल उशांच्या अभ्र्यांतून मिळायचा. पेन्सिलीचा तुकडा, एका कानातलं, दुमडलेलं तिकीट, चष्म्याची एक काडी. सापडलेली वस्तू वॉर्डाची चिठ्ठी लावून डब्यात टाकायची आणि संध्याकाळी ऑफिसात द्यायची, अशी पद्धत होती. डबा ऑफिसात जाईपर्यंत आई त्या वस्तूला मालक मिळवून द्यायची, मालकाला बायको, बायकोला दीर, दिराला एक न सांगण्यासारखी भानगड.

काकू कधी 'छान' म्हणाली नाही. गोष्ट बरी चालली असेल तर ती नुसती पुढची चादर उचलायची. फसत असेल तर म्हणायची, "कोपरा नीट धर." एकदा आईनं दोन दिवस रंगवून एका हरवलेल्या भावाला शेवटी घरी आणलं. काकू चादर तशीच धरून म्हणाली, "आला तर आला. पण इतकी वर्षं जेवत कुठे होता?" त्या भावाला आईनं रातोरात एका खानावळीत भांडी घासायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. खानावळवाली म्हातारी इतकी झकास निघाली की भाऊ घरी परतला नाही तरी चालेल, असं काकूलाही वाटायला लागलं.

लिहायचं तिनं चाळिशी ओलांडल्यावर मनावर घेतलं. चादरींच्या मोजणीचे जुने तक्ते पाठकोरे असत, ते मुकादम रद्दीत टाकण्याआधी ती उचलून आणायची. ओट्यावरचं आवरलं की जेवणाच्या टेबलावर बसायची, पाठ ताठ, जणू परीक्षाच. पहिली गोष्ट लिहून झाली तेव्हा तिनं काकूला बोलावून वाचून दाखवली. सुरुवातीलाच एक विस्तीर्ण नभांगण होतं.

काकूनं पाच ओळी ऐकल्या. "कुणी लिहिलंय हे?"

"मी."

"तू कधी नभांगण म्हणालीस?"

"लिहिताना म्हणतात तसं."

"मग म्हणणाऱ्यांना म्हणू दे," काकू म्हणाली आणि भाजी करपेल म्हणून उठून गेली.

आई दोन दिवस फुगून बसली. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होते आणि स्वतःला मोठी शहाणी समजत होते. मी म्हटलं, काकूचं वाचन तरी किती, अक्षराला अक्षर जोडून वाचते ती, तिचं काय मनावर घेतेस? आईनं मला असा काही चेहरा दाखवला की मी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यानंतर तिनं शिस्त घालून घेतली. आधी गोष्ट चादरीवर काकूला सांगायची, तिथे गोष्ट उभी राहिली तरच संध्याकाळी लिहायची. एका छोट्या मासिकानं तिची पहिली गोष्ट घेतली. संपादकांनी कळवलं की तुमची वाक्यं श्वास घेतात. आई म्हणाली, "वाक्यं कसली, मी घेते. वाकून उभं राहिलं की घ्यावाच लागतो."

सात-आठ गोष्टी अशा आल्या. मग भुंग्याची आली.

भुंग्या माझा चुलतभाऊ, काकूचा एकुलता एक. मी जन्मायच्या आधीच, सहा वर्षांचा होऊन, तो गेला. दिवसभर काहीतरी गुणगुणत फिरायचा म्हणून भुंग्या. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. तेव्हा आई नवी नवरी होती आणि घरीच असायची. काकू कामावर गेली की शाळेतून आलेला भुंग्या आईपाशी. एवढं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं होतं, कारण काकूसमोर त्याचा विषय काढायचा नाही, हे आमच्या दोन्ही घरांत न सांगता ठरलेलं होतं. काकूला त्याची आठवण होऊ नये म्हणून आम्ही इतके जपायचो की व्हरांड्यात खरा भुंगा आला तरी कुणी काही बोलायचं नाही.

ती गोष्ट आईनं चादरीवर सांगितली नाही. सांगणार तरी कशी, चादरीच्या दुसऱ्या टोकाला त्याची आईच उभी. वर्षभर ती एकटीच लिहीत, फाडत, लिहीत राहिली. सुवाच्य प्रत मी करून दिली, तेव्हा मी विचारलं, "काकूला विचारलंस?"

"नाव बदललंय," आई म्हणाली.

"नाव बदललं म्हणून काकूला कळणार नाही?"

"ती मासिकं वाचत नाही. आणि मी हे लिहिलं नाही ना, तर मी त्याला विसरून जाईन. थोडा थोडा विसरायलाच लागलेय."

मी प्रत करून दिली. दोष द्यायचा तर मलाही द्यावा लागेल. गोष्ट वाचून मी रडले होते. आजारी मुलगा बिछान्यातून आईचा हात धरून तिचीच समजूत घालतो, तापानं हळूहळू विझत जातो. त्या मुलाला माझ्या आईनं एक सुंदर, भारदस्त नाव दिलं होतं. आधीच्या कुठल्याच गोष्टीला आली नव्हती इतकी पत्रं तिला आली. आई ती वाचायची आणि पिशवीत कोंबून ठेवायची.

मुकादम माणूस चांगला, पण त्याच्या पोटात काही राहायचं नाही. एका दुपारी चहाच्या सुट्टीत तो मासिक घेऊनच आला आणि म्हणाला, आपल्या लाँड्रीतल्या बाईंनी काय लिहिलंय बघा. दीड पान त्यानं मोठ्यानं वाचलं. आईनं नंतर मला सांगितलं, ती तेव्हा फक्त काकूच्या हातातल्या कपाकडे बघत होती. कप हलला नाही. वाचन संपल्यावर काकूनं मासिक मागून घेतलं, पिशवीत ठेवलं आणि राहिलेल्या चादरींना हात घातला.

दुसऱ्या दिवशी तिनं मुकादमाला सांगून काम बदलून घेतलं. ती मळक्या कपड्यांच्या निवडीला गेली, लाँड्रीच्या दुसऱ्या टोकाला. आईच्या समोर एक नवीन लग्न झालेली मुलगी आली. बोलकी होती. आईनं एखादं वाक्य टाकलं की लगेच म्हणायची, किती छान, ताई. दोन दिवसांत आईनं तिच्याशी हवापाण्याशिवाय बोलणं सोडलं. टेबलावरचे पाठकोरे तक्तेही तिनं उचलून कपाटात घातले.

समोरचं दार बंदच असायचं. काका येता-जाता माझ्याशी बोलत, पण मान खाली घालून. आईला एकच भीती होती आणि ती तिनं मला स्वयंपाक करता करता सरळ सांगितली. "गोष्टी राहू देत गं. गोष्टींशिवाय माणसं मरत नाहीत. पण ती माझ्याशी बोलली नाही, तर मी कुणाला काय सांगणार? बावीस वर्षं मी तिला सगळं सांगत आलेय." बाबा तसे तोंड उघडणाऱ्यांतले नव्हते. ते जेवता जेवता म्हणाले, "सगळं कुठे? हे नव्हतं सांगितलंस." आईनं त्यांना वाढायचं थांबवलं, पण ते खरं होतं.

अकराव्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, आई उठली आणि समोर गेली. मला म्हणाली, चल. आईला आधार हवा होता, मला उत्सुकता होती, आणि त्या उत्सुकतेची मला आज थोडी लाज वाटते.

काकू स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. मासिक शेजारीच होतं, वर चष्मा आणि पेन्सिल.

"बस," ती म्हणाली. "आताच वाचून झालं माझं. माहितीय ना किती वेळ लागतो मला."

"जाऊबाई, माझं चुकलं," आई उभ्यानंच म्हणाली. "तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. ते जाऊ दे. बस म्हटलं ना." तिनं मासिक उघडलं. पानापानावर पेन्सिलीच्या फुल्या होत्या. "मला एवढंच सांग, हा पोरगा कोण?"

आईनं त्या फुल्यांकडे पाहिलं.

"हा गुणी पोरगा. आईचे डोळे पुसणारा, शांत पडून राहणारा. भुंग्या कधी शांत पडून राहिला होता? त्यानं डॉक्टरच्या हाताला चावा घेतला होता, विसरलीस? रक्त काढलं होतं. दोघांनी धरला होता त्याला." तिनं एका फुलीवर बोट ठेवलं. "इथे म्हणतो, आई, मी बरा होईन. तो म्हणाला होता, मी घरी गेल्यावर या सगळ्यांना बघून घेईन."

आईच्या तोंडून एक आवाज निघाला. हसल्याचा की कसला, मला कळलं नाही.

"बावीस वर्षांत कुणी माझ्यासमोर त्याचं नाव घेतलं नाही," काकू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, हातही भाजीतच होते. "तुम्ही सगळे मला जपत होतात. मला कळायचं. मीही तुम्हाला जपायचे, म्हणून मी पण घेतलं नाही. आणि आता कुणीतरी त्याच्यावर लिहिलं, तर दुसऱ्याच कुणाच्या तरी पोरावर निघालं. माझ्या मुलाला परक्याचं नाव दिलंस तू."

"मला वाटलं, तुम्हाला त्रास कमी होईल."

"झाला नाही." तिनं पान उलटलं. "आणि यात तू कुठेयस? अर्धा दिवस तो तुझ्यापाशी असायचा. घास तुझ्याच हातचा लागायचा त्याला. या गोष्टीत काकीच नाही. का नाही?"

तेव्हा आई खाली बसली. माझी आई, जिच्याकडे दूध उतू जायचीही तीन-तीन कारणं असत, तिला बराच वेळ एकही सापडलं नाही.

"मी त्याला थापा मारायला शिकवलं," ती शेवटी म्हणाली. "रोज दुपारी आमची पैज लागायची, कुणाची थाप मोठी. त्याची मोठी झाली की मी टाळ्या वाजवायचे. म्हणून तर शाळेतही कुणी त्याचं खरं धरलं नाही. बाई म्हणाल्या होत्या ना, पोट दुखतंय असं सकाळपासून सांगत होता, आम्हाला वाटलं नेहमीसारखंच काहीतरी. ते मी केलं होतं, जाऊबाई. ते मला लिहिता येईना, म्हणून मी काकीच काढून टाकली."

काकूनं भाजीचं ताट बाजूला सारलं.

"तू शिकवलंस," ती म्हणाली. "मलाही वाटायचं तसं. खोटं कशाला बोलू, पहिली दोन-तीन वर्षं तुझा राग यायचा मला. मग एकदा आठवलं. तू या घरात आलीही नव्हतीस तेव्हा. दीड वर्षाचा असेल. दूध सांडलं आणि मी ओरडायच्या आत त्यानं बोट करून मांजर दाखवलं." तिनं मासिक मिटलं. "घरात मांजर नव्हतंच."

आई हसली. हसता हसता रडायला लागली आणि मग काकूही. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी एकमेकींसमोर त्याच्यासाठी रडत होत्या आणि मी उगाच निवडलेली भाजी पुन्हा निवडत होते. मला तो भाऊ त्या सकाळी पहिल्यांदा मिळाला. आईच्या गोष्टीतल्या त्या सुंदर नावाच्या मुलासाठी मी रडले होते, पण हा चावणारा मला आवडला.

बऱ्याच वेळानं काकूनं पदरानं तोंड पुसलं. "एक तुला ठाऊक नाही," ती म्हणाली. "कुणालाच नाही. त्याच्या बापालाही नाही. त्या दिवशी सकाळी तो आधी मला म्हणाला होता, पोट दुखतंय. आदल्या दिवशी म्हणाला होता, जिन्यात हत्ती बसलाय, खाली जाता येत नाही. त्याच्या आदल्या दिवशी कान दुखत होता. शाळेच्या वेळेला रोज काहीतरी असायचंच. मला कामाला उशीर होत होता. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि पाठवून दिला."

बाहेर काकांच्या चपला वाजल्या, दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

"लागला नसेल फार," काकू म्हणाली. "पण तोच शेवटचा ना. दवाखान्यात मग मी त्याला हातही जोरात लावला नाही."

आईनं तिचा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. मग तिनं विचारलं, "मी हे काहीच लिहीत नाही, जाऊबाई. कधीच नाही. चालेल?"

"नाही चालणार," काकू म्हणाली. "पुन्हा लिही. नीट लिही. त्याचं नाव घाल, भुंग्याच घाल. हत्ती घाल. डॉक्टरचा चावा घाल. तू कशी टाळ्या वाजवायचीस ते घाल."

"आणि धपाटा?"

काकूनं विचार केला. चष्मा उचलून घातला, काढून ठेवला.

"तोही घाल," ती म्हणाली. "आणि पोट दुखत होतं ते घाल. ते आधी घाल. त्यानं सांगितलं तेव्हा कुणीच खरं मानलं नाही. मी नाही, बाईंनी नाही. आता वाचणाऱ्यांनी तरी मानू दे."

दुसऱ्या दिवशी काकू घडीच्या टेबलावर परत आली. ती गोष्ट आईनं मग तिलाच सांगितली, चादरीमागून चादर, दोन महिने. या वेळी लांबून ओरडायला तिला जमेना, सगळं जवळ आल्यावरच सांगायची आणि म्हणून इतका वेळ लागला. काकू मधेच थांबवायची, तसं नव्हतं म्हणायची, आणि आई पुन्हा मागे जायची. लिहून काढल्यावरही आईनं गोष्ट सात वेळा बदलली. प्रत्येक वेळची प्रत मी केली, म्हणून मला माहीत आहे. पहिलं वाक्य मात्र तिनं एकदाही बदललं नाही. ते असं होतं: भुंग्याचं पोट खरंच दुखत होतं.